सात बिया आणि पाच भाकरी

शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण संगणक अभियंता अधूनमधून माझ्याकडे येऊन बसतो. येताना भाजलेल्या कॉफीच्या बिया, त्या दळण्याचे लहानसे हातयंत्र आणि गाळण असा सारा सरंजाम पिशवीतून घेऊन येतो. डोंबिवलीच्या दाक्षिणात्य उपाहारगृहांतून मिळणारी फेसाळ फिल्टर कॉफी त्याला मान्य आहे. मात्र बाटलीतली पूड गरम दुधात ढवळून जे तयार होते, त्याला कॉफी म्हणण्याची त्याची तयारी नाही. सेमिनरीत इतकी वर्षे आम्ही जे प्यालो त्यात कॉफी किती आणि चिकोरी किती, हे एक परमेश्वरच जाणे! त्या विषयावर मी त्याच्यापुढे मौन पाळतो.

कॉफीइतकीच ठाम मते त्याला सॉफ्टवेअरविषयी आहेत. ज्ञानाला कुलूप लावणे हे पाप आहे, आपण विकत घेतलेल्या यंत्राच्या आत काय चालले आहे हे पाहण्याचा आणि त्यात दुरुस्ती करण्याचा हक्क माणसाला असलाच पाहिजे, असे तो आवेशाने सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीहून ठाण्याला व तेथे गाडी बदलून ऐरोलीला जातो, तो कुलूपबंद सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत चाकरी करण्यासाठी. हा विरोध मी एकदा त्याच्या निदर्शनास आणला. तो हसून म्हणाला, "फादर, घराचा हप्ता असतो." या उत्तरावर धर्मगुरूने अधिक काही बोलू नये.

त्यानेच मला बाबा बुदन यांची कथा सांगितली. सतराव्या शतकातील हे सूफी साधू हजयात्रेहून परतताना येमेनच्या मोखा बंदरात आले. त्या काळी कॉफीचा सारा व्यापार अरबांच्या हाती होता आणि उगवू शकेल अशी बी ते देशाबाहेर जाऊ देत नसत. बिया भाजून अथवा उकडूनच विकल्या जात. बाबा बुदन यांनी सात बिया अंगावर लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, असे परंपरा सांगते. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस डच लोकांनी मलबारहून रोपे जावा बेटावर नेली आणि कॉफी जगभर पसरली.

"आता सांगा, फादर," कप पुढे करीत तो म्हणाला, "ही चोरी होती का?"

मी तो प्रश्न हसण्यावारी नेला. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याला कॉफी कारण नव्हती.

2001 साली, गुरुदीक्षा होऊन फार काळ लोटला नव्हता तेव्हा, ठाणे परिसरातील एका जुन्या धर्मग्रामात मी सहायक धर्मगुरू होतो. चर्चच्या वर्धापनाची स्मरणिका काढण्याचे काम माझ्याकडे आले. मी उत्साहाने घरोघर फिरलो. वयोवृद्ध माणसांना बोलते केले. चर्चची विहीर कोणी खणली, पावसाळ्यात छप्पर गळू लागले तेव्हा मारियामातेची मूर्ती कोणाच्या घरी नेऊन ठेवली, लग्नाच्या आदल्या रात्री बाया कोणती गाणी म्हणत, कोणत्या वाडीत कोणत्या संताच्या सणाला काय शिजवीत, हे सारे मी वहीत उतरवले आणि रात्री जागून संगणकावर टंकलिखित केले. पैशांअभावी स्मरणिका लहान निघाली. छापले गेले त्याच्या कितीतरी पट मजकूर एका सीडीवर शिल्लक राहिला. पुढे केव्हातरी पुस्तक काढू, असे मनाशी ठरवले आणि तेवढ्यात बदलीचे पत्र आले.

ज्या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवर मी हे काम केले, ते आम्ही विकत घेतलेले नव्हते. मूळ सॉफ्टवेअरबरोबर संगणकाच्या पाठीमागे बसवायची एक किल्ली येत असे. ती असल्याशिवाय ते चालत नसे. आम्हांला एका सज्जनाने, ही किल्ली न लागेल अशी "तोडलेली" प्रत मोठ्या आपुलकीने आणून दिली. त्याची किंमत माझ्या कित्येक महिन्यांच्या मानधनाहून अधिक होती. मला त्यात गैर वाटले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शेजारणीने लोणच्याची कृती मागावी आणि आपण सांगावी, इतक्याच सहजतेने मी ती प्रत घेतली. त्याच वर्षी पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या मुलांना मी सातवी आज्ञा शिकवीत होतो.

गेल्या वर्षी कपाट आवरताना ती सीडी सापडली. एका जुन्या संगणकावर ती उघडली. मजकूर उघडला, पण एकही शब्द वाचता येईना. पानेच्या पाने रोमन लिपीतील तुटक अक्षरे, स्वल्पविराम, चौकोन आणि अनोळखी चिन्हे यांनी भरलेली होती. तरुण मित्राने मला त्याचे कारण समजावून दिले. त्या काळच्या मराठी फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या आसनांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. आणि कोणता तुकडा कोणत्या आसनावर बसवायचा हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवी. फाँट गेला की आसने उरतात, अक्षरे जातात. ते तोडलेले सॉफ्टवेअर आजच्या संगणकावर चालत नाही. आणि आम्ही ग्राहकच नव्हतो, तेव्हा मदत मागायला कोणत्या तोंडाने जाणार? जी माणसे माझ्याशी बोलली होती, त्यांपैकी बहुतेक आता त्या चर्चच्या दफनभूमीत विसावली आहेत.

आपल्या ख्रिस्ती मराठी परंपरेत हे संकट नवे नाही, असे मला त्या क्षणी वाटून गेले. 1579 साली गोव्यात आलेले येशूसंघीय इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या भाषेत ख्रिस्तपुराण रचले. ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले, ते रोमन अक्षरांत. देशी लिपीत छापण्याची फादर स्टीफन्स यांची इच्छा होती. पण जोडाक्षरांसह इतके खिळे पाडणे त्या वेळी साधले नाही. 1649 आणि 1654 साली पुन्हा आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज आढळत नाही. 1684 साली पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी देशी भाषेवरच बंदी आणली. तरीही हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ नष्ट झाला नाही, कारण माणसांनी तो हाताने उतरवून घेतला. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी, म्हणजे आज ठाण्या-डोंबिवलीच्या आपल्या धर्मग्रामांतून जी मंगळुरी घराणी आहेत त्यांच्या पूर्वजांनी, या नकला जतन केल्या, उपवासकाळात वाचल्या, जीर्ण झाल्यावर पुन्हा उतरवल्या. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 साली मंगळुरात रोमन लिपीतील आवृत्ती काढली आणि 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. पहिल्या मुद्रणानंतर 340 वर्षांनी हा मराठी ग्रंथ मराठी लिपीत छापला गेला!

त्या नकला उतरवणाऱ्यांनी कोणाची परवानगी घेतली होती? कोणाचीच नाही. ख्रिस्तपुराणाला कुलूप असते आणि त्याची किल्ली रायतूरच्या छापखान्यात असती, तर आज आपल्या हाती काय उरले असते, याचा विचार करून पाहावा. नक्कल करणे हे मुळातच पाप आहे, असे म्हणणे म्हणूनच मला शक्य नाही. पण मग माझ्या सीडीचे काय?

माझी फाईल अखेर उघडली. जुन्या फाँटमधील मजकूर आजच्या युनिकोड पद्धतीत आणणारे एक रूपांतराचे साधन माझ्या मित्राने शोधून काढले. ते कोणीतरी परक्या माणसांनी लिहिले होते आणि वाटेल त्याने वापरावे म्हणून विनामूल्य खुले केले होते. प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला साऱ्या जगात एकच ठरलेला क्रमांक द्यायचा, ही युनिकोडची साधी पण मोठी कल्पना. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. मी त्या वाटेने गेलो असतो तर हा प्रसंग आला नसता. पण त्या काळी आपल्या छपाईत जुन्या फाँटचेच राज्य होते. दोन संध्याकाळी बसून आम्ही बहुतेक मजकूर सोडवला. रफार भलत्याच अक्षरावर बसले होते, जोडाक्षरे फुटली होती. ती अद्याप हाताने दुरुस्त करणे चालू आहे. विहिरीची हकिकत जशीच्या तशी परत आली, तेव्हा आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही.

मग त्याने आपला हुकमी मुद्दा काढला. "फादर, भाकर वाटली की कमी होते. कॉफी वाटली की संपते. पण सॉफ्टवेअर वाटले तरी देणाऱ्याकडे ते तसेच राहते. प्रभू येशूने पाच भाकरींच्या पाच हजार माणसांना पुरतील इतक्या भाकरी केल्या. गालीलच्या भटारखान्याचे नुकसान झाले, अशी तक्रार कोणी केली का?"

युक्तिवाद चतुर होता आणि तो ऐकताना मला हसूही आले. घरी आल्यावर मी योहानकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय पुन्हा काढून वाचला. तो प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे; परंतु त्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या एका मुलाच्या होत्या, हे फक्त योहान सांगतो. त्या सातूच्या, म्हणजे गरिबाच्या भाकरी. पुढच्या शनिवारी मी माझ्या मित्राला एवढेच म्हणालो, "त्या मुलाने स्वतःच्या भाकरी दिल्या. शेजाऱ्याच्या टोपलीतून काढून आणल्या नव्हत्या."

या प्रश्नाचे मर्म मला येथे सापडते. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत त्यांना छपाईयंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करायची होती. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या गृहस्थाकडे त्याचा मूळ मजकूर होता, त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून तो देण्यास नकार दिला. या अनुभवानंतर स्टॉलमन यांनी ते कुलूप तोडून नकला वाटण्याचा मार्ग धरला नाही. 1983 साली त्यांनी घोषणा केली की, कोणालाही वापरता, पाहता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली आपण नव्याने लिहू. 1991 साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला हवा असलेला गाभा लिहिला, आणि पुढच्या वर्षी तोही त्याच अटींवर खुला केला. स्टॉलमन यांची अनेक मते मला पटत नाहीत, धर्माविषयीची तर नाहीतच. तथापि त्यांनी आणि त्यांच्यासारख्या हजारोंनी दिल्या त्या स्वतःच्या भाकरी, हे मान्य केलेच पाहिजे. मुंबईच्या एक टाईप या संस्थेने मुक्ता हा सुबक देवनागरी फाँट कोणीही वापरावा म्हणून खुला केला. तीही स्वतःची भाकर. 2001 साली मी मात्र दुसऱ्याची भाकर चर्चच्या नावाने वाटून उदार झालो होतो.

ती दुसऱ्याची का होती, हेही स्पष्ट केले पाहिजे. मराठी फाँट घडवणे हे किचकट काम आहे. एकेका अक्षराची वेलांटी, उकार, त्याची जोडाक्षरातील अर्धी रूपे कोणीतरी महिनोन्‌महिने डोळे ताणून काढलेली असतात. आणि मराठी छपाईचा बाजार तो केवढा! मजुराची अडवून ठेवलेली मजुरी परमेश्वरापाशी ओरडते, असे संत याकोब आपल्या पत्रात बजावतात. हा इशारा त्यांनी शेतमालकांना दिला होता, पण चर्चच्या कचेरीतील संगणकालाही तो लागू पडतो. आज कल्याणपासून ठाण्यापर्यंत आपल्या किती धर्मग्रामस्थांच्या घरची चूल सॉफ्टवेअरवर पेटते! त्या आईबापांपुढे उभे राहून, "नक्कल केली तर कोणाचे काय जाते?" असे मी कसे म्हणू? कायद्याचे म्हणाल तर कॉपीराइट कायद्यातील 1994 च्या दुरुस्तीने सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मला त्याची माहिती नव्हती. ती करून घेण्याची इच्छाही नव्हती, आणि हे अज्ञान निर्दोष नसते असे आम्हांला सेमिनरीतच शिकवले होते.

इथवर मी माझ्या मित्राच्या विरुद्ध बाजूला उभा आहे असे वाटेल. पण सातव्या आज्ञेला दुसरीही धार आहे. सृष्टीतील संपत्ती परमेश्वराने साऱ्या मानवजातीसाठी दिली आहे आणि खाजगी मालकी या मूळ हेतूच्या मर्यादेतच शोभते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. आपल्या काळात ज्ञान आणि तंत्र ही जमिनीइतकीच महत्त्वाची मालमत्ता झाली आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 साली चेंतेसिमुस आनुस या परिपत्रकात लिहिले आणि त्या मालमत्तेपासून दूर राहिलेल्या कोट्यवधींकडे लक्ष वेधले. जमिनीला कूळकायदा लागतो, तर ज्ञानाच्या जमीनदारीला का लागू नये?

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याही आधी, 1864 साली स्थापन झाले. एका विकत घेतलेल्या पुस्तकावर शेकडो वाचक पोसले गेले आणि त्याला कोणी चोरी म्हटले नाही. उलट लेखकच कौतुकाने तेथे व्याख्यान द्यायला येत. आज इलेक्ट्रॉनिक पुस्तक आपण "विकत घेतो" तेव्हा बहुधा ते उसने देता येत नाही, मुलांसाठी मागे ठेवता येत नाही. 2009 साली अमेरिकेत ॲमेझॉनने, हक्कांच्या गोंधळामुळे, ग्राहकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑर्वेल यांची पुस्तके त्यांच्या वाचनयंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. पैसे परत केले आणि नंतर कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण रात्री कोणी येऊन आपल्या फळीवरचे पुस्तक उचलून न्यावे आणि उंबऱ्यावर नोटा ठेवून जावे, तसाच हा प्रकार झाला. त्यातही ती पुस्तके ऑर्वेल यांची असावीत!

मुदतीचेही असेच. रवींद्रनाथ टागोर 1941 साली निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील हक्क संपत आले तेव्हा 1992 साली कायदा बदलून लेखकाच्या मृत्यूनंतरची मुदत 50 ऐवजी 60 वर्षे करण्यात आली. आपला कायदा सॉफ्टवेअरलाही साहित्यकृतीच मानतो; म्हणजे माझ्या मित्राने आज ऐरोलीत लिहिलेल्या ओळी बाविसाव्या शतकात कधीतरी सर्वांना खुल्या होतील. त्या ओळी चालवणारे यंत्र तोवर कोणत्या भंगारात असेल? आणि गंमत अशी की, त्या ओळी त्याच्याही नाहीत. नोकरीत लिहिल्या म्हणून त्यांची पहिली मालक त्याची कंपनी. मी मालकाची भाकर चोरली हे खरे. पण जो भाकरी भाजतो त्यालाही त्यातला तुकडा घरी नेता येत नाही, हेही खरे.

तेव्हा बाबा बुदन यांच्याविषयी मी काय म्हणेन? त्या सात बिया कोणा माणसाने घडवलेल्या नव्हत्या. झाड परमेश्वराचे, मशागत शेतकऱ्यांची आणि बंदी व्यापाऱ्यांची. बंदरातल्या व्यापाऱ्याला भाजलेल्या बियांचे मोल मागण्याचा अधिकार होता. उगवण्याची शक्ती मारून टाकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? मी त्यांना चोर म्हणणार नाही. त्यांनी बिया लपवून आणल्या, हे मात्र मला खटकते. आणि ते माझ्या मित्राला खटकत नाही. येथे आमचा मतभेद कायम आहे.

चोरलेल्या वस्तूची भरपाई केल्याविना पश्चात्ताप पुरा होत नाही. जक्कयाने चौपट परत देऊ केले. मी माझे प्रकरण एका वडीलधाऱ्या धर्मगुरूंपुढे पापनिवेदनात मांडले. ते आधी हसले. मग गंभीर होऊन त्यांनी त्या सॉफ्टवेअरची तेव्हाची किंमत विचारली आणि ती द्यायला सांगितली. मी शोध घेतला. ज्या दुकानात ते विकत मिळे ते बंद झाले आहे; घडवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिले, त्याला उत्तर नाही. मूळ मालक न सापडल्यास रक्कम गोरगरिबांना द्यावी, असा जुना संकेत आहे. मित्राचा आग्रह होता की, ती मुक्त फाँट घडवणाऱ्या कोणा कलाकाराला द्यावी, कारण ते काम त्याच जातीचे. मी अखेर जुन्या संकेताला धरून राहिलो आणि धर्मग्रामातील एका विद्यार्थिनीच्या संगणक अभ्यासक्रमाची फी भरली. जक्कयाची चौपट काही माझ्याने झाली नाही.

आता तो जुना मजकूर पुस्तकरूपाने काढायचा आणि कोणालाही नक्कल करता येईल असा खुला ठेवायचा, असे आम्ही ठरवले आहे. ते ठरवताना मीच माझ्या प्रश्नात पुन्हा अडकलो. त्या आठवणी, ती गाणी माझी कुठे आहेत? मी केवळ उतरवून घेणारा. म्हणून सध्या मी, ज्यांच्या आजी-आजोबांनी मला त्या सांगितल्या, त्यांच्या घरी परवानगी मागत फिरतो आहे. त्यांतली पहिली भेट कल्याणला झाली. लग्नगीते सांगणाऱ्या त्या बाईंची मुलगी आता स्वतःच आजी झाली आहे. माझे सारे म्हणणे तिने शांतपणे ऐकून घेतले.

"आईची गाणी?" ती म्हणाली. "ती तिची तरी कुठे होती, फादर? तिला तिच्या आत्येने शिकवली होती. छापा तुम्ही. फक्त दोन प्रती आमच्यासाठी ठेवा, एक माझी आणि एक सुनेची."